पहिला घास पाण्याबरोबर

३ मार्च

मामा,

सगळं कधी बदललं ते मी तुला घड्याळ लावून सांगू शकतो. काल मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. तिने चमचा पुढे केला आणि मी तोंड उघडलं, तेव्हा.

थांब, नाहीतर तू म्हणशील, भडक्या नेहमीसारखा शेपटीकडून सुरुवात करतोय. कॉलेज सुटलं हे आईने तुला कळवलं असेलच. तिने काय सांगितलं माहीत नाही, खरं असं आहे की सर म्हणाले 'बाहेर हो', मी झालो. ते 'आत ये' म्हणायला विसरले आणि मी जायला विसरलो. दुसरं वर्ष तिथेच अर्धं राहिलं. आता दीड महिना झाला, चौदा टेबलांच्या एका फ्रेंच हॉटेलात ग्लास पुसतो. पाठ दुखते, पण प्रोफेसर नाहीत.

स्वयंपाकघरात सॉस करणारी एकजण आहे. मालकांचीच मुलगी. डावखुरी. मनगटावर तव्याच्या कडेने भाजल्याची बोटभर खूण. रोज सकाळी ती शिंपल्यांची टोपली घेऊन माझ्यासमोर बसते आणि एकेक शिंपला चाकूच्या मुठीने ठोकते. टक, टक. ठोकल्यावर जो मिटतो तो जिवंत, जो उघडाच राहतो तो मेलेला, फेकायचा. मी ग्लास पुसतो आणि ऐकतो. तासभर कोणी बोलत नाही. मामा, अख्ख्या कॉलेजात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तर काल वाइनवाला भांडून निघून गेला. (मी नाही भांडलो. मलाही आश्चर्य वाटलं.) मालक डोक्याला हात लावून बसले होते. तिने लोण्याचा आंबटसर सॉस चमच्यात घेतला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "सांग, याच्याबरोबर काय?" लहानपणी तू दाढी करताना बडबडायचास ना, 'लोणी तिथे आंबट, समुद्र तिथे खारट', ते कुठूनतरी वर आलं. म्हटलं, "म्युस्काडे." तुझ्याच तोंडून ऐकलेलं वाइनचं नाव. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत ओरडून म्हणाली, "बाबा, पुसणाऱ्याला जीभ आहे."

आजपासून मी वाइनवाला. आणि मला एवढं एकच नाव येतं. तुझं नाक गेलं, वास येईना झाला, तरी डोकं शाबूत आहे. हॉटेलांत वाइन वाढताना वीस वर्षांत जे शिकलास ते मला पत्रातून पाठव. फोन करणार नाही, तू 'काय? काय?' करतोस आणि शेजारी जमा होतात.

तुझा,
भडक्या


८ मार्च

भडक्या,

पत्र पोचलं. चार पानांत वाइनवर सहा ओळी, बाकी मनगट. चालायचंच. मी तुझ्या वयाचा असताना सहा ओळीही लिहिल्या नसत्या.

पाठ करू नकोस, समजून घे. कालवं कच्ची असतील तर शाब्ली. तिला दगडाचा वास असतो, कालवाला समुद्राचा, दोघं एका गावचे. शिंपल्यांना तुझी म्युस्काडे, पातळ आणि आंबट, लिंबासारखं काम करते. माशाबरोबर लाल वाइन देऊ नकोस, तोंडात लोखंड येतं. कोणी हट्टच धरला तर हसून दे आणि पुढच्या वेळी त्याला टेबल नाही म्हण.

कोंबडी म्हणजे सोशीक सून, जवळजवळ कोणाशीही जमवून घेते. नुसती भाजलेली असेल तर बोजोले, जराशी गार करून. क्रीम आणि मशरूममधली असेल तर बर्गंडीची पांढरी, लाकडाच्या पिंपात राहिलेली. बदक चरबीचं, त्याला पिनो न्वार. मासा मात्र मानी जावई. त्याचं काही लपत नाही आणि लपवू पण नये.

आता माझा एकच नियम. मला माझ्या उस्तादांनी दिला, मी तुला देतो. रोज सकाळी जेवण सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पदार्थाचा पहिला घास साध्या पाण्याबरोबर खायचा. बर्फाचं नाही, नळाचं. मगच वाइन. वाइन बाजू घेते, पाणी कोणाची बाजू घेत नाही.

मुलगी शिंपले ठोकून बघते हे वाचून बरं वाटलं. जिथे टकटक ऐकू येते ते स्वयंपाकघर चांगलं. मनगटाचं मला कळवलंस, आईलाही कळव. गेल्या वर्षीच्या काविळीनंतर ती अजून सावरायची आहे, तिला चांगली बातमी हवी आहे.

मामा


१७ मार्च

मामा,

मी आता या हॉटेलातला दोन नंबरचा माणूस आहे. हसू नकोस. एक नंबर मालक, मग मी. ती स्वतःला नंबर लावत नाही.

झालं असं. गेल्या आठवड्यात गोदामाशेजारच्या थंड खोलीची मोटर बंद पडली. मोटर इतकी घुरघुरायची की मालकांच्या मुलीशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. आता तिथे मस्त शांतता आहे. आम्ही तिथेच उभे राहून बोलतो. मोटर बदलायची तर आठवडाभर हॉटेल बंद ठेवावं लागेल आणि मालक म्हणतात, बंद दार लोक विसरत नाहीत. म्हणून सध्या बर्फवाला दिवसातून दोनदा येतो.

गुरुवारी ती तिथेच मला म्हणाली, "काही लोकांना शिंपल्यांचा समुद्रासारखा वास सहन होत नाही. तो मागे सरेल अशी वाइन शोधशील? तुला जमेल, दुसऱ्या कोणाला नाही." मामा, असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. दोन दिवस मी बाटल्यांशी झटलो. म्युस्काडे हरली, वास उलट पुढे आला. शाब्ली हरली. शेवटी अल्सासची एक बाटली सापडली, जिचं नाव घेताना जीभ मोडते. गेवुर्त्स्त्रामिनर. गुलाब, लिची, किंचित गोड, जणू अत्तराच्या दुकानाचं दार उघडलं. आम्ही तिला गुलाबवाली म्हणतो. शिंपला, वर तिचा सॉस, वर गुलाबवालीचा घोट. वास नाहीसा. साफ.

लोक खूश आहेत. एका आजोबांनी माझा हात हातात घेतला. मालकांनी फळ्यावर खडूने जोडी लिहिली आणि पाठीवर थाप मारली. तिने दुपारी माझ्यासाठी अंड्याचा पोळा करून आणला. हल्ली स्टाफच्या जेवणात रोज अंडीच असतात, मासे बंद झालेत. मला काय, तिच्या हातचं असलं की दगडही चालेल.

तुझा पाण्याचा नियम मालकांना सांगितला. ते हसले, म्हणाले, "मामाला सांग, गिऱ्हाईक इथे पाणी प्यायला येत नाही." ते म्हणतात, सकाळी चाखायचं तर वाइनबरोबरच चाखायचं. मी ऐकलं. दोन आठवड्यांपूर्वी ग्लास पुसत होतो, लगेच नियम कसे शिकवू?

टकटक आता होत नाही. मालक म्हणाले, वेळ जातो. त्या तासात ती आता माझ्याशी बोलते, तेव्हा माझी तक्रार नाही. मागच्या दाराशी बसणाऱ्या मांजरीला मात्र श्रीमंती चढली आहे. शिंपले टाकले तर हुंगते आणि निघून जाते. आम्ही तिला राणीसाहेब म्हणायला लागलोय.

तुझा,
भडक्या


२१ मार्च

भडक्या,

हे पत्र उभ्याने वाच.

मोटर बंद. टकटक बंद. स्टाफला मासे बंद. पाणी बंद. मांजर तोंड फिरवते. हे सगळं तूच लिहिलंस, मी नाही.

ताज्या शिंपल्याला समुद्राचा वास येतो आणि तो कोणालाही त्रास देत नाही. ज्याला तो नको असतो तो शिंपले मागवत नाही, कोंबडी मागवतो. म्युस्काडेने जो वास पुढे आणला तो समुद्राचा नव्हता. आंबट वाइन ताज्याला खुलवते आणि शिळ्याला उघडं पाडते, म्हणूनच ती हजार घरांत चालत आली. शिंपल्याला गुलाब लावणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर काहीतरी झाकत असतो. तू अडाणी आहेस. तुला तो घोट शोधायला कोणी लावलं, याचा विचार कर.

ती शिंपले का ठोकत नाही? कारण ठोकले तर सगळेच फेकावे लागतील.

उद्यापासून शिंपले वाढू नकोस. आणि त्या मुलीपासून चार हात लांब राहा. तिने तुझी जीभ वापरली आहे.

मामा


२४ मार्च

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उभ्याने, बसून, आणि मग जिन्यात. जिन्यात वाचताना कठड्यावर हात आपटला. बोटं सुजली आहेत, म्हणून अक्षर असं.

तुला नाक नाही. स्वतःच सांगत आलास की सव्वीस वर्षांपूर्वी गेलं. ज्याला वास येत नाही त्याने दोनशे मैलांवरून वासाबद्दल निकाल द्यायचा? मी रोज तिथे उभा असतो. लोक खातात, हसतात, पुन्हा येतात. एकदोघांचं पोट बिघडलं असेल, ते कुठे बिघडत नाही? कॉलेजच्या कँटीनमध्ये तर रोज बिघडायचं.

आणि तिच्याबद्दल. तू तिला पाहिलंही नाहीस. तिच्या घरात आई नाही, बाप सकाळी सहाला ओरडायला लागतो तो रात्रीच गप्प होतो. ती कोणाला वापरत नाही, तीच वापरली जाते. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला 'तुला जमेल' म्हटलं आणि तुला त्यातही खोट दिसली. तू एकटा राहून राहून असा झालास. हे लिहायला नको होतं, पण खोडणार नाही.

४ एप्रिलला रविवारी दुपारी आई आणि ताई इथे जेवायला येत आहेत. मी बोलावलंय. त्या दिवशी सगळी चौदा टेबलं भरलेली आहेत. आईला मी शिंपले आणि गुलाबवाली स्वतःच्या हाताने वाढणार आहे, आणि मग तिला स्वयंपाकघरात नेऊन सांगणार आहे की ही तुझी सून. मग तुला कोणी विचारणार नाही.

यापुढे उपदेश पाठवू नकोस. आलं तरी उघडणार नाही.

भाचा


२८ मार्च

भडक्या,

तू म्हणालास उघडणार नाही, तरी लिहितो. माणूस रागावतो, पण पाकीट उशाखाली ठेवतो. तुझ्या आईचा भाऊ आहे, मला माहीत आहे.

माझं नाक गेलेलं नाही. कधीच गेलं नव्हतं. आत्ता या खोलीत मला शाईचा वास येतोय, खिडकीतल्या साबणाचा, शेजारच्या घरी करपलेल्या दुधाचा. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या आईलाही नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी मी एका मोठ्या हॉटेलात होतो. तीस माणसांचं जेवण होतं. कोळंबी दोन दिवस उन्हात अडकलेल्या गाडीतून आली. उस्ताद आजारी होते. मालक म्हणाले, "तू एवढा हुशार, शोध काहीतरी." मी शोधली. हीच तुझी गुलाबवाली, वर्ष फक्त वेगळं. मला भूल पडली होती ती बाईची नव्हती, माझ्याच जिभेची होती. पाण्याबरोबर घास मी घेतला नाही, कारण घेतला असता तर मला कळलं असतं. म्हणजे मला कळलेलंच होतं.

जेवण गाजलं. एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांनी वाइनचं नाव चिठ्ठीवर लिहून मागितलं, मी झोकात लिहून दिलं, त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

सात जण आजारी पडले. सहा उठले.

भडक्या, ते लगेच झालं नाही. दोन दिवस लागले. डॉक्टरांना वाटलं उन्हाचा त्रास. कोणी जाऊन सांगितलं असतं की काय खाल्लं, कुठे खाल्लं, तर ते उपाय करू शकले असते. सांगू शकणारा मी एकच होतो. मला त्या बाईंचं घर माहीत होतं, चालत वीस मिनिटं. मी दोन दिवस खोलीत दार आतून लावून बसलो. नंतर सगळ्यांना सांगितलं की नाक गेलं. त्यावर लोक हळहळले, आणि त्या हळहळीवर मी आजवर जगलो.

मुलीबद्दल मी चुकलो असेन. ती बापाला घाबरत असेल. पण शिंपल्यांबद्दल चुकलेलो नाही. तुझ्या आईला शिळं खाऊ घालू नकोस, तिच्या यकृतात आता ताकद नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि आईला नको तर मग कोणालाच नको, एवढं तुला कळेल.

मामा


३१ मार्च

मामा,

तुझं पाकीट आलं. जाड आहे. मी ते बाटल्या उघडायच्या फळीखालच्या खणात टाकलंय, बुचांच्या ढिगात. उघडलं नाही. तुला सांगायचं म्हणून सांगतो.

रविवारचा बेत ठरला. सुरुवातीला शिंपले, सगळ्या टेबलांना. मग ज्याला हवं त्याला बदक किंवा क्रीममधली कोंबडी. बर्गंडीची पांढरी मालकांनी खास माझ्यासाठी काढली. आई-ताई सहा नंबरच्या टेबलावर, खिडकीशी. तिने स्वतः टेबल निवडलं. दोन दिवस ती गप्प गप्प आहे. काल विचारलं काय झालं, तर म्हणाली, "तुझ्या आईची तब्येत कशी असते रे?" बघ, आतापासून काळजी. आणि तू म्हणे चार हात लांब राहा.

भाचा


२ एप्रिल

भडक्या,

हे बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो रविवारी तुमच्या गावात पोचतो. मागच्या दाराशी येऊन तुझ्याच हातात देईन म्हणालाय.

गुडघा उचलत नाही, नाहीतर मीच आलो असतो. तुझ्या आईच्या शेजारणीला निरोप पाठवला, तर कळलं, आई आणि ताई आजच निघाल्या, वाटेत मावशीकडे मुक्काम आहे. मग इथल्या दुकानदाराला तुमच्या हॉटेलात फोन करायला लावला. एका मुलीने उचलला. 'भाच्याला सांगा, मामाचं पत्र उघड, आणि आईला शिंपले देऊ नको.' तिने ऐकून घेतलं, 'सांगते' म्हणाली. सांगणार नाही असं दुकानदाराला वाटलं. मलाही.

आधीचं पाकीट उघडू नकोस हवं तर. माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस. फक्त एक कर. एक शिंपला पातेल्यातून घे, सॉस पुसून टाक, नळाचं पाणी घे.

मामा


४ एप्रिल

मामा,

सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय, मेन्यूच्या कोऱ्या बाजूवर. नेहमीप्रमाणे शेपटीकडून सांगतो. दोन नंबरच्या टेबलावरचे ते दोघे आत आहेत. त्यांनी काय खाल्लं, किती वाजता, शिंपले किती दिवसांचे, ते सगळं मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, लवकर आलात, पण उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. बाईंना आधीपासून यकृताचं दुखणं आहे. त्यांच्या नवऱ्याने मला बाहेर जा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आता डोक्याकडून.

दुपारी बाराला दोन नंबरच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं येऊन बसलं, सगळ्यांच्या आधी. परगावचे, स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये उतरलेले, चारच्या गाडीने जाणारे. मीच वाढलं. गुलाबवाली ओतली. बाईंनी डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाल्या, "नाव लिहून देतोस का रे, मला लक्षात राहायचं नाही." मी लिहून दिलं. खाली बारीक फूलही काढलं. त्यांनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. साडेबाराला दोघं उठून गेली, बाई जाताना माझ्या गालाला हात लावून.

तेवढ्यात मागच्या दाराशी ड्रायव्हर. त्याने पाकीट दिलं आणि म्हणाला, "म्हातारं स्टँडवर दीड तास उभं होतं हो, एका पायावर." मी वाचलं. मग खणातून, बुचांखालून, दुसरं काढलं आणि गोदामात उभ्याने वाचलं. तू म्हणायच्या आधीच उभा होतो. चिठ्ठीच्या ओळीवर आलो आणि पुढचं मला दिसेना.

पातेल्यातून एक शिंपला घेतला. सॉस पुसला. नळाचं पाणी. मामा, आठ दिवस न बदललेलं फुलदाणीचं पाणी असतं ना, ते. थुंकलो तरी जाईना. तीन आठवडे रोज सकाळी मी तेच खात होतो, वरून गुलाबाचा घोट घेत होतो आणि स्वतःच्या जिभेची आरती करत होतो.

ऑर्डरच्या चिठ्ठ्या खिळ्याला लावलेल्या होत्या. सहा नंबरची चिठ्ठी वर होती. तिचं डावखुरं, मागे झुकलेलं अक्षर, तारीख शुक्रवारची. 'शिंपले नाहीत. दोघींना कोंबडी.' बाकी तेरा टेबलांना शिंपले.

मी चिठ्ठी काढून तिच्यासमोर धरली. ती सॉस ढवळत होती. वर बघितलं नाही.

"तुझ्या आईला मी कोंबडी लावली ना," ती म्हणाली. "मग तुझं काय अडलंय?"

"बाकीच्यांना आया नाहीत?"

"हळू बोल, बाबा आहेत."

"फोन कोणी घेतला होता?"

"मीच." तिने सॉसखालची आच कमी केली. "तुला सांगितलं असतं तर तू इथे काय केलं असतंस ते मला माहीत होतं. तू भडकला असतास. आणि भडकून गेला असतास. उद्या मोटरवाला येतोय. आजचा एक दिवस फक्त. एकच दिवस."

मी खरंच भडकलो नाही, मामा. का ते मला अजून कळलेलं नाही. मी पाण्याचा जग भरला आणि बाहेर गेलो. ताटं नुकतीच मांडली होती, अजून कोणी हात लावला नव्हता. प्रत्येक टेबलाशी गेलो, वाइनचा ग्लास उचलला, पाण्याचा ठेवला आणि म्हटलं, "पहिला घास याच्याबरोबर घ्या. पुढचं तुम्ही ठरवा." दुसरं काही बोललो नाही. पाच नंबरच्या माणसाने घास घेतला, रुमाल तोंडाला लावला आणि बायकोच्या हातातला काटा खाली ठेवला. मग चार. मग नऊ. काटे खाली ठेवल्याचा आवाज एकेका टेबलावरून येत गेला. कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील.

ओरडले ते मालक. दंडाला धरून मला आत ओढायला लागले. म्हणाले, "ग्लास पुसणारा तू, ग्लासच पुसत मरशील." सहा नंबरवरून आई उठली. तिने आमच्याकडे बघितलं, ताटांकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "कोणी खाल्लंय का?"

"दोन नंबरने. सगळं. ते गेले."

"कुठे?"

"स्टेशनसमोर. चारची गाडी आहे."

आईने पर्स काखेत मारली, खुर्ची ओढली आणि स्वयंपाकघराच्या दारात मांडून बसली. "मग तू इथे काय करतोयस? जा. इथून एक ताट बाहेर जात नाही, मी बघते." मालक तिला काही म्हणायला गेले. तिने त्यांच्याकडे जसं बघितलं तसं मी कॉलेज सोडलं तेव्हा माझ्याकडे बघितलं होतं. ते थांबले.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. मी ॲप्रन सोडला. पुढच्या दारापर्यंत पोचलो आणि ती मागून आली. हातात चमचा होता, सॉसने भरलेला, खाली दुसरा हात धरलेला, थेंब सांडू नये म्हणून. त्या मंगळवारी धरला होता तसाच.

"एकदा चाख," ती म्हणाली. "तूच सांग, काही लागतंय का. तू खराब म्हणालास तर मी स्वतः पातेलं ओतून देते."

तिचे डोळे लाल होते. ती खोटं बोलत नव्हती, मला वाटतं. मी 'चालेल' म्हणावं एवढंच तिला हवं होतं, म्हणजे दोषी आम्ही दोघं झालो असतो. आणि मामा, माझं तोंड उघडायला लागलं होतं.

दाराजवळच्या टेबलावरून मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"आधी तू," म्हटलं. "याच्याबरोबर."

चमचा आमच्या मध्ये होता, ग्लासही. तिने ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चमच्यातून एक थेंब फरशीवर पडला. तिचा हात पुढे आला नाही.

मी ग्लास टेबलावर ठेवला. दारावरची पाटी 'बंद'च्या बाजूला फिरवली, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.